आउनेच्या तळघरातली उत्तरेची भिंत

वेइक्को साल्मेलाने बंद केलेल्या घरात वाऱ्याला शिरायचं असेल तर त्याने आधी कळवावं, असं आमच्या गावात म्हणत. आमचं गाव मिनेसोटाच्या पार उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या रांगेत. मी तिथं कसा पोचलो ती गोष्ट लांबलचक आहे. ती सांगत बसलो तर वेइक्को राहून जाईल, म्हणून ती नको. एवढंच सांगतो, की खाणीत आम्ही एका पाळीला होतो आणि दगडू हे माझं नाव त्याच्या फिनिश जिभेला झेपेना, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी मला 'डग' करून टाकलं. गावानेही तेच उचललं.

वेइक्को उंच, हाडापेराने मोठा आणि बोलायला अगदी कंजूष. त्याची बायको हिल्या म्हणायची, "लग्नाला होकार दिला तेव्हा याने इतकं बोलून घेतलं, की त्यानंतर पाच वर्षं याला विश्रांती लागली." पण हातात करवत आली की माणूस वेगळाच. पाळी संपली की तो लोकांची तळघरं राहण्याजोगी करून द्यायचा. हे काम हिवाळ्यातलं. उन्हाळा म्हणजे चार दिवसांची चैन, तेव्हा सगळे तळ्यावर. सरपण फोडायचं, मासे धरायचे. बर्फ पडलं की मग तळघर आठवतं.

एकदा त्याने पाद्रीबाबांचं घर बंद केलं. खिडक्यांच्या फटी, दारांच्या फटी, छताच्या कडा, काही म्हणजे काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी चूल पेटवली तर धूर वर जाईना. आत हवाच येत नव्हती, तर धूर जाणार कसा! पाद्रीबाबा खोकत अंगणात, पायात बूट, अंगावर नुसती बायकोची शाल. म्हणाले, "अरे वेइक्को, देवाला आत यायला तरी एक फट ठेवायचीस!" वेइक्को म्हणाला, "देवाला दार आहे की. ठोठावून येऊ दे."

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे आणि शंभरही वेळा हसलो आहे. आता जी सांगणार आहे ती मात्र फार कमी वेळा सांगितली, कारण तिच्यात मीही आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला आउने राउतिओ राहायची. तिचा नवरा ताइस्तो आमच्याच पाळीतला, वेइक्कोचा लहानपणापासूनचा दोस्त. तो हृदयाच्या झटक्याने गेला. आउनेचा एक मोठा माग होता, तिच्या सासूने आणलेला, पलंगाएवढा. जुन्या कपड्यांच्या चिंध्या कापून ती त्यावर सतरंज्या विणायची. गावातल्या कुठल्याही घरात जा, पायाखाली आउनेची सतरंजी. कुणाच्या मेलेल्या बापाचे सदरे, कुणाच्या पोरीचे लहानपणचे झगे, सगळं त्या सतरंज्यांत. आपल्याकडच्या गोधड्यांत असतं तसंच. पण माग होता गॅरेजमध्ये, आणि हिवाळ्यात गॅरेजमध्ये बोटं वाकत नाहीत. ताइस्तो तिला कायम म्हणायचा, "तळघर नीट करून देतो, मग विण बारा महिने." तो गेल्यावर वर्षभराने, एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत, तिने वेइक्कोला बोलावलं.

"ताइस्तोचं राहिलेलं काम आहे," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

मी वेइक्कोच्या हाताखाली गेलो. तळघराची भिंत म्हणजे बाहेरून मातीत पुरलेली भिंत. तिला थंडीपासून बंद करायची पद्धत तेव्हा गावात सगळ्यांची एकच होती. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीला चिकटून लाकडी चौकट उभी करायची, तिच्या कप्प्यांत काचेच्या तंतूंची गुलाबी लोकर भरायची, त्यावर प्लास्टिकचा कागद ताणून ठोकायचा, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, आणि वरून तक्ते मारून रंग द्यायचा. भिंत कोरडी असेल तर ठीक. ओली असेल तर मात्र हे म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालून बटणं लावण्यासारखं. आतली ओल आतच कुजते.

म्हणून वेइक्को आधी भिंतीची परीक्षा घ्यायचा. हातभर प्लास्टिकचा तुकडा उघड्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवायचा आणि तीन दिवस ठेवायचा. थेंब तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला, खोलीकडे जमले तर ती घरातली वाफ. तुकड्याच्या मागे, भिंतीकडे जमले तर पाणी मातीतून येतंय. मग आतून काही करण्यात अर्थ नाही. बाहेरून भिंतीलगत चर खणायचा, भिंतीला डांबर द्यायचं, तळाशी खडी आणि नळी टाकून पाणी दूर काढायचं, आणि आतून लोकर न भरता फोमचे तक्ते सरळ भिंतीला चिकटवायचे. पण फेब्रुवारीत जमीन कुदळीला दाद देत नाही. म्हणजे जुलैपर्यंत थांबणं आलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही तुकडे काढायला गेलो. पूर्वेचा कोरडा. दक्षिणेचा कोरडा. उत्तरेच्या भिंतीशी उजेड नव्हता, म्हणून मी हातदिवा धरला. वेइक्कोने पट्टी सोलली. तुकड्याच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, सात-आठ थेंब. मोठे नव्हते. साबुदाण्याएवढे.

वेइक्को ते बघत राहिला. मीही.

वरून आउनेचा आवाज आला, "काय रे, कशी आहे माझी भिंत? बायकांना पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बोलावलंय हं मी! चर्चच्या चौदा जणी येतायत माग बघायला!" आणि वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा वास जिन्यावरून खाली आला. वेलदोडा! फिनलंडच्या माणसांना वेलदोडा कुणी शिकवला कुणास ठाऊक, पण त्या वासाने मी पुष्कळदा विरघळलो आहे.

वेइक्कोने बाहीने थेंब पुसले. "सौनाची वाफ आहे," तो म्हणाला.

आमच्या गावात वाफेची खोली, सौना, प्रत्येक घराच्या तळघरात असते. शनिवारी तापवायची, घाम काढायचा. त्यामुळे तळघरात कुठेही ओल दिसली की आमचं माणूस बेलाशक म्हणतं, सौनाची आहे. पीठ ओलं झालं, सौना. बूट बुरसले, सौना. आम्ही सौनावर इतकं ढकललंय, की तिला तोंड असतं तर तिने पंचायत बोलावली असती. पण सौनाची वाफ तुकड्याच्या मागे कशी जाईल? चारी बाजूंनी चिकटवलेला तुकडा! हे मला सातवी पास माणसाला कळत होतं. वेइक्कोनेच तर मला शिकवलेलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे नाही बघितलं. मी दिवा खाली केला.

बारा दिवसांत काम झालं. उत्तरेच्या भिंतीचा कागद त्याने इतर भिंतींपेक्षा जास्त घट्ट बसवला, दुहेरी पट्टी मारून. तेव्हा मला वाटलं, काळजीने करतोय. पहिल्या रविवारी चौदा जणी आल्या, भिंतींवरून हात फिरवून "किती उबदार, किती उबदार" म्हणाल्या. आउनेने ताइस्तोच्या निळ्या कामाच्या सदऱ्याची पहिली पट्टी मागावर चढवली आणि डोळे पुसले. सगळ्यांनी वेइक्कोची पाठ थोपटली. तो बाहेर जाऊन बर्फ उपसत बसला. गरज नसलेलं.

पुढच्या हिवाळ्यात आउनेला खोकला लागला.

ती दिवसाचे सहा-सात तास मागावर बसायची, माग उत्तरेच्या भिंतीला टेकून. आधी म्हणाली सर्दी. मग म्हणाली चिंध्यांची धूळ. मग तिने चिंध्या दोनदा धुवायला सुरुवात केली, मग तीनदा, मग तोंडावर रुमाल बांधून विणायला लागली. कुणी मेलेल्या माणसाचे कपडे आणून दिले तर नको म्हणायला लागली. बिचारीला वाटायचं, आजाऱ्याच्या कपड्यातून काही येतंय. एका म्हातारीने नवऱ्याचा कोट आणला होता, तो आउनेने परत केला आणि मग महिनाभर रडत होती, की आपण त्या म्हातारीचा अपमान केला. डॉक्टरनेही ऐकून घेतलं आणि मान हलवली, "धूळच असेल. विणणं सोडा." उन्हाळ्यात चार महिने मुलीकडे राहून आली तर खोकला गेला. परत आली, मागावर बसली, आठवड्यात पुन्हा सुरू.

हे सगळं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. वेइक्कोलाही. त्या वर्षी वेइक्को माझ्याबरोबर सौनात यायचा बंद झाला. सव्वीस वर्षांचा आमचा शनिवार. आज गुडघा दुखतोय, आज सरपण ओलं आहे. मी हिल्याला विचारलं तर ती म्हणाली, "तो एकटाच जातो रे आत. तासभर बसतो. तापवतसुद्धा नाही धड. मला म्हणाला, सौनात कुणासमोर खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, मग बोलू नकोस, तसाही तू कुठे बोलतोस! तर उठून गेला. काय झालंय त्याला, डग?"

"वय झालं असेल," मी म्हणालो. बघा, मी असा. सौनावर नाही, तर वयावर ढकललं.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये आउनेने ठरवलं, की माग देऊन टाकायचा. पन्नास मैलांवरच्या एका चर्चला हवा होता. शनिवारी ते लोक गाडी घेऊन येणार होते. आणि तिने वेइक्कोला फोन केला. "तूच ये खोलायला," म्हणाली. "तुला त्याचे सांधे माहीत आहेत. दुसरा कुणी ठोकून मोडेल. दुपारी ते लोक येतील, तू सकाळी ये. डगला आण."

शनिवारी सकाळी वेइक्कोने मला त्याच्या ट्रकमध्ये घेतलं. बर्फ वितळायला लागलं होतं, रस्त्याच्या कडेने पाणीच पाणी. माग खोलायचा म्हणजे पाना आणि लाकडी हातोडा लागतो. मी मागे बघितलं तर पहार, करवत आणि ताडपत्री.

"पाना विसरलास," मी म्हणालो.

"नाही विसरलो."

गल्ली तशी लहान आहे, पण त्या दिवशी लांब झाली.

आउने जिन्याखाली उभी होती. तोंडावर रुमाल, हातात ताइस्तोच्या सदऱ्यांची उरलेली गुंडाळी. पहार बघून म्हणाली, "अरे, माग खोलायचाय, खाण नाही!"

"माग राहू दे," वेइक्को म्हणाला. "आधी मला ती भिंत फोडू दे."

"कुठली भिंत? वेड लागलं का तुला? दुपारी माणसं यायची आहेत!"

"आउने, खोकला चिंध्यांचा नाही." एवढं बोलायलाच त्याला घाम फुटला. "भिंतीचा आहे. मला वाटतंय. तू वर जा, दार लावून घे. आत जे असेल ते तुझ्या छातीत जायला नको."

ती वर गेली नाही. कमरेवर हात ठेवून जिन्यावर चार पायऱ्या चढली आणि तिथेच उभी राहिली. "फोड," म्हणाली. "माझ्यादेखत फोड."

आम्ही दोघांनी माग बाजूला ओढला, ताडपत्री टाकली. वेइक्कोने जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर करवत घातली. तक्ता सुटला तसा वास आला. ओल्या घोंगडीचा, साठवणीत कुजलेल्या बटाट्याचा. प्लास्टिकच्या मागे पाणी ओघळत होतं, उघड दिसत होतं. गुलाबी लोकर काळी. लाकडी चौकटीत वेइक्कोने अंगठा दाबला तर अंगठा आत गेला, भाकरीत जावा तसा. तळापासून कमरेपर्यंत सगळ्या भिंतीवर बुरशी, काळी आणि हिरवी, केसाळ.

मग आउने म्हणाली, "म्हणजे कपड्यांचं काही नव्हतं."

"नाही."

"मी त्या म्हातारीचा कोट परत केला."

वेइक्को खाली बघत होता. आणि आउने मनाने फार मोठी बाई, हो. तिने खाली उतरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे," ती म्हणाली. "तुला काय ठाऊक! सगळं गाव असंच करतं. माझ्या भावाच्या घरी असंच आहे. तू काय भिंतीच्या आत डोळे लावून बसला होतास? ओल कुठून आली ते देवालाच माहीत."

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला वाटलं, सुटलो. बाईनेच दार उघडलं, आता नुसतं बाहेर पडायचं. मी वेइक्कोला मनातल्या मनात म्हणत होतो, मान हलव बाबा, मान हलव आणि चल.

वेइक्कोने तिचा हात खांद्यावरून काढला. हळूच, दोन बोटांनी.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुकडा लावला होता ना मी. तिसऱ्या दिवशी थेंब होते. मागच्या बाजूला."

"किती थेंब?"

हा प्रश्न तिने का विचारला ते मला अजून कळलेलं नाही.

"सात. नाहीतर आठ. मी पुसले. तुला जुलैपर्यंत थांब म्हणायला हवं होतं. तू बायकांना बोलावलं होतंस. ताइस्तोचं काम होतं. माझ्या तोंडून नाही निघालं."

"मग दोन वर्षं?"

"दोन वर्षं रोज म्हणायचो, उद्या सांगतो."

आउने माझ्याकडे वळली. "आणि तू? दिवा कुणी धरला होता? त्या कोपऱ्यात उजेड नसतो."

"मी," मी म्हणालो.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

तिने रुमाल काढला, घडी घातली, एप्रनच्या खिशात ठेवला. मग खोकली. तो खोकला आम्ही दोघांनी उभ्याने पूर्ण ऐकला. संपल्यावर ती म्हणाली, "माग वर न्या. पुढच्या खोलीत. सोफा गॅरेजमध्ये टाका. त्या चर्चच्या लोकांना मी फोन करते." आणि वर गेली.

ताइस्तोच्याच पान्याने माग सुटा करून आम्ही एकेक तुकडा वर नेला आणि पुढच्या खोलीत पुन्हा जोडला. तीन तास लागले. त्या घरात मी सत्तावीस वर्षं जात होतो. कुणी नुसता टपाल द्यायला आला तरी आउने कॉफी ठेवायची. गावातल्या फिनिश लोकांत घरी आलेल्याला कॉफी न देणं म्हणजे कुत्र्याला दगड मारण्याएवढं मानतात. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून राहिली आणि चूल पेटली नाही. जाताना वेइक्को दारात थांबला, काही म्हणणार होता. ती आतूनच म्हणाली, "दार नीट लाव. थंडी येते."

जुलैत आम्ही चर खणला. दोन म्हातारे, कुदळ-फावड्याने. पोरं यंत्र आणतो म्हणाली तर वेइक्कोने ऐकलं नाही. आत बुरशी धुऊन काढली, भिंत उघडी ठेवून सबंध उन्हाळा वाळवली. आउने खिडकीतून बघायची. ऑगस्टमध्ये कधीतरी पायरीवर दोन पेले थंड ताक आले. कुणी ठेवलं ते दिसलं नाही. वेइक्को प्यायला नाही. मी प्यालो, त्याचंही.

मग तो घरोघर निघाला. इतक्या वर्षांत आउनेचं सोडून त्याने गावातली आणखी एकवीस तळघरं बंद केली होती. दारात जाऊन एकच वाक्य: "तुमची भिंत उघडून बघायची आहे, मी केलेली आहे." लोकांना वाटलं म्हातारा बिघडला. एक जण म्हणाला, "अरे बाबा, त्या भिंतीवर माझा टीव्ही आहे आणि आज सामना आहे!" एकीने त्याला केक देऊन परत पाठवलं. नऊ जणांनी उघडू दिलं. त्यातल्या सात कोरड्या निघाल्या. दोन नव्हत्या. त्या दोन त्याने चर खणून, फोमचे तक्ते लावून पुन्हा केल्या. उरलेल्या बारा घरांसमोरून जाताना तो ट्रक हळू करायचा. हिल्या शेजारी बसून म्हणायची, "आता घरांचे आवाजही येतात का तुला?" पण आम्ही पुन्हा शनिवारी सौनात एकत्र जायला लागलो, हे खरं. तिथंही तो बोलायचा नाहीच. फक्त दगडांवर पाणी टाकायचा.

आउनेचा खोकला पुष्कळ कमी झाला. सगळा नाही गेला. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला, छातीत थोडी शीळ राहील. ती राहिली. सप्टेंबरात वेइक्कोने तिला विचारलं, भिंत आता कोरडी आहे, आतून फोम लावून देऊ का, काही बिघडणार नाही. ती म्हणाली, "नको. मला दिसू दे." म्हणून ती भिंत उघडीच राहिली, ठोकळ्यांची, राखाडी, आणि माग वरच्या खोलीत.

पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे. दुपारी तिथून गेलं की मागाचा ठोका ऐकू यायचा, ठक, ठक, ठक. वेइक्को रोज त्या वेळेला पायी तिकडून जायचा, काम असो नसो, आणि पुष्कळदा मीही बरोबर असायचो. ठोका मध्येच थांबला की तो थांबायचा. थांबलेला ठोका म्हणजे एक तर दोरा संपला, नाहीतर खोकला. आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहायचो, कान देऊन. आतून खोकला आला की तो मोजायचा. मला त्याचे ओठ हलताना दिसायचे. नाही आला, आणि ठोका पुन्हा सुरू झाला, तरी तो लगेच निघायचा नाही.

एकदा आउनेने खिडकी वर केली. "काय रे, कुंपण विकत घेताय का?" ती ओरडली.

"नाही," वेइक्को म्हणाला.

"मग जा घरी," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. आम्ही दुसऱ्या दिवशीही गेलो.